रोज तोच बुधवार

रेडियमताईचं खरं नाव बाजारात कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक करून घ्यायची कोणाला गरजही पडली नव्हती. गाड्यांच्या काचांवर, दवाखान्यांच्या दारांवर, दुकानांच्या पाट्यांवर जी चकचकीत चिकटणारी अक्षरं असतात, ती ज्या गुंडाळीतून कापतात तिला धंद्यात रेडियम म्हणतात. का म्हणतात ते विचारू नये. नाव एकदा चिकटलं की चिकटलं. तसंच ते ताईलाही चिकटलं.

अक्षरं कापायचं काम मशीन करतं. कॉम्प्युटरवर मजकूर मांडायचा, मशीनमध्ये रेडियम अडकवायचं, बटण दाबलं की बारीकसं पातं कर्रकर्र करत इकडून तिकडे धावतं. पण मशीन नुसतं कापून ठेवतं. नको असलेला भाग सोलून काढायचा तो माणसानेच. अक्षरांभोवतीचा पसारा कोणीही ओढून काढेल; अक्षराच्या पोटातला इवलासा तुकडा सुईच्या टोकाने उचलायचा आणि शेजारची रेघ उचकटू द्यायची नाही, याला मात्र हात लागतो. ताईला तो होता. दवाखान्याच्या पाटीवरच्या मुंगीएवढ्या पदव्याही ती बोलता बोलता सोलायची. दुसरी दुकानं असलं बारीक काम घ्यायचीच नाहीत, गिऱ्हाइकाला सरळ इकडे धाडायची. दुकान दादांचं, पण ते चालायचं ताईच्या सुईवर, हे सगळ्या बाजाराला माहीत होतं. दादांनाही होतं. म्हणून तर पुढचं सगळं झालं.

दादा म्हणजे दुकानाचे मालक. वागायला गोड माणूस. आल्यागेल्याला ते ताईची ओळख करून द्यायचे ती "ही आमची ताई, अगदी घरची" अशी. हे "घरची" मोठं सोयीचं असतं. घरच्या माणसाला पगार वाढवून मागता येत नाही, सुट्टी मागताना जीभ अडखळते, आणि उशिरापर्यंत थांबवून घेतलं तर त्याला थांबवून घेतलं असं म्हणायचंही नसतं. घरी सख्खा भाऊ आणि दुकानात मानलेला भाऊ, अशी ताईची दोन्हीकडून चांगली सोय लागलेली होती.

आता त्या बुधवाराबद्दल सांगायला हवं. अक्षरं कापायचा प्रोग्राम दादांनी मुदतीवर घेतला होता. मुदत संपली तसा एका सकाळी तो उघडेना. नवा घेणं दादांच्या आवाक्यातलं नव्हतं. ते डोक्याला हात लावून बसले आणि शटर ओढून घरी जायची भाषा करू लागले. ताई तेव्हा दुकानात नवी होती. तिने दिवसभर त्या कॉम्प्युटरशी झटापट केली आणि संध्याकाळी तिच्या ध्यानात आलं की कॉम्प्युटरची तारीख मागे नेली, मुदतीच्या आतली केली, की प्रोग्राम मुकाट उघडतो. त्या बिचाऱ्याला बाहेरचं जग कुठे दिसतंय? कोपऱ्यातलं घड्याळ सांगेल ते त्याच्यासाठी खरं. याला चोरी म्हणायचं तर खुशाल म्हणा. त्या गल्लीत सगळेच असं काहीबाही करून पोट भरत होते, आणि ताईला तर आपण दुकान वाचवलं याचाच आनंद होता. दादांचे डोळे भरून आले होते. सख्ख्या बहिणीने केलं नसतं ते तुम्ही केलंत, असं ते म्हणाले होते.

तेव्हापासून रोज सकाळी केर काढून झाला, मशीन पुसून झालं, की ताईचं पहिलं काम तारीख मागे न्यायचं. कुठल्याशा जुन्या वर्षातला एक बुधवार तिने पक्का करून ठेवला होता. बाहेर सोमवार असो नाहीतर शनिवार, दुकानात रोज तोच बुधवार उजाडायचा. तिने केलेली प्रत्येक फाइल त्याच तारखेची. कॉम्प्युटरला विचारलं असतं तर त्याने सांगितलं असतं की या बाईने आयुष्याचं काम एका दिवसात उरकलं आहे. हळूहळू कोपऱ्यातली ती तारीख तिला दिसेनाशीच झाली. रोजची वस्तू कोण बघतो?

ताईचं लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं. कारणं ती सांगायची नाही, आपणही उकरू नयेत. परत आली ती भावाकडे. भाऊ वाईट नव्हता आणि वहिनीही वाईट नव्हती, पण घर दोन खोल्यांचं. ताईचं अंथरूण पडायचं ते स्वयंपाकघर आणि न्हाणीघर यांच्यामधल्या बोळात. दोन खिळे, एक दोरी आणि दोरीवर पडदा, एवढी तिची खोली. कोणाला न्हाणीघरात जायचं तर ताईचे पाय ओलांडून जायचं. कपडे बदलताना पलीकडे कोणी खोकलं की ती हात वर केलेल्या अवस्थेत तशीच उभी राहायची. माणसाला आयुष्यात काय काय हवं असतं. हिला एक दार हवं होतं, आपल्या हाताने लावून घेता येईल असं.

आणि ते दार एकदा खरंच समोर आलं. शहराच्या बससेवेच्या कारखान्यात पाट्या बनवायचा विभाग होता. तिथे एक जागा निघाली. शिक्षण बेताचं चाललं असतं, रेडियमच्या कामाचा अनुभव मात्र हवा होता. नोकरी कायमची आणि सोबत कामगार वसाहतीत एक खोली. ही खबर ताईला एका बसचालकाने दिली, गाडीच्या काचेवर मुलीचं नाव चिकटवून घेता घेता. वयाची अट होती, आणि त्या अटीत ताई यंदा जेमतेम बसत होती. पुढच्या खेपेला ती बाहेर पडलेली असणार होती. अर्ज फक्त वेबसाइटवर भरायचा होता, कागदावर लिहिलेला कोणी हातात घेणार नव्हतं.

घरी सांगितलं तेव्हा भाऊ "बघ बाई" एवढंच बोलला. वहिनी मात्र खुलली. "वन्सं, खोली मिळतेय म्हणजे सोनंच की," असं म्हणाली, आणि त्या दिवशी चहाचा पहिला कप ताईपुढे आला. भाचीने तर वितीने बोळ मोजून तिथे आपलं अभ्यासाचं टेबल बसतं का, हेही पाहून घेतलं. ताईला राग आला नाही. टेबल बसत होतं.

दादांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की ताईलाच अपराध्यासारखं वाटलं. अनुभवाचा दाखला त्यांच्या सहीचा लागणार होता. देतो की, त्यात काय, असं ते म्हणाले. मग शिक्का सापडेना. शिक्का सापडला तर शाई वाळलेली. शाई आली तर दादा बाहेरगावी. असं करता करता दाखला हातात पडला तो अर्जाच्या शेवटच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. ताई म्हणाली, उद्या सकाळी थोडा उशीर होईल, कोपऱ्यावरच्या नेट कॅफेत जाऊन अर्ज भरून येते. तिच्याकडे साधा बटणांचा फोन होता. चांगला होता तो भाचीला अभ्यासाला दिलेला.

"कॅफेत कशाला ताई?" दादा म्हणाले. "आपल्याकडे आता नेट आलंय ना. इथेच भरा निवांत. मी आहे मदतीला."

नेट दुकानात नुकतंच आलं होतं, गिऱ्हाइकांची डिझाइनं मागवायला म्हणून. ती डिझाइनं दादा आपल्या फोनवर घ्यायचे आणि पेनड्राइव्हने ताईला द्यायचे, त्यामुळे दुकानाच्या कॉम्प्युटरवर ब्राउझर उघडायची वेळ तिच्यावर आलीच नव्हती. दादांनी आपणहून म्हटलं याचं तिला फार बरं वाटलं. घरी जाताना तिने मनातल्या मनात त्यांची माफीही मागितली, कारण शिक्क्याच्या भानगडीत तिच्या मनात जरा वाकडं येऊन गेलं होतं.

दुसऱ्या दिवशी केर, मशीन, तारीख. मग ताईने ब्राउझर उघडून पत्ता टाकला. अक्षरांत तिची चूक होणं शक्यच नव्हतं. तरी पान आलं ते पांढरंफटक, वर लाल फुली मारलेलं कुलूप आणि खाली इंग्रजीत चार ओळी. ताईला अक्षर न् अक्षर वाचता यायचं, अर्थ लावायला वेळ लागायचा. एवढं कळलं की ही साइट सुरक्षित असल्याची खात्री पटत नाही, म्हणून उघडत नाही. तिने पत्ता पुसून पुन्हा टाकला. तेच. तिला वाटलं, नेटच गेलं असेल. म्हणून रेडियम विकणाऱ्या एका जुन्या कंपनीचं रंगांचं पान उघडून पाहिलं, तर ते चटकन उघडलं. म्हणजे नेट होतं. मग बँकेची साइट, बातम्यांची साइट, रेल्वेची साइट. सगळीकडे तीच लाल फुली. पत्त्याशेजारी कुलूप असलेलं एकही पान उघडत नव्हतं, आणि ज्यांना कोणी विचारत नाही अशी बिनकुलपाची जुनाट पानं मात्र धडाधड उघडत होती.

हे तिने दादांना सांगितलं. दादा काउंटरवरून उठले नाहीत. शेवटचा दिवस आहे, सगळं गाव तुटून पडलं असणार, अशा वेळी साइट बसतेच, असं त्यांनी समजावलं. मग बँकेची का उघडत नाही, असं ताईने विचारलं. त्यावर दादांनी सांगितलं की कुलपाच्या साइटी सगळ्या आतून एकमेकींना जोडलेल्या असतात, एक बसली की बाकीच्याही बसतात. असलं ज्ञान त्यांना कुठून झालं कोण जाणे. ताईने मान डोलावली. सांगणाऱ्याचा आवाज शांत असला की ऐकणाऱ्याला खरंच वाटतं.

"तोवर शाळेच्या पाट्या कापायला घ्या," दादा म्हणाले. "रिकामं बसून काय होणार?"

एका शाळेच्या सगळ्या खोल्यांच्या पाट्यांचं काम आलं होतं. ताईने मशीन सुरू केलं, पण जीव ब्राउझरमध्ये. एक पाटी कापायची आणि पान ताजं करून बघायची. मग तिने ब्राउझरची जुनी साठवण पुसून टाकली, कधीतरी कोणीतरी हा उपाय सांगितल्याचं तिला आठवत होतं. फरक पडला नाही. दुसरा ब्राउझर पडून होता तो उघडला. त्यानेही तेच सांगितलं, फक्त लालऐवजी पिवळ्या रंगात. कॉम्प्युटर बंद करून सुरू केला. सुरू झाल्यावर आधी तारीख तपासली, बुधवारच आहे ना म्हणून. बुधवारच होता. तिला बरं वाटलं.

नेटवाल्याला फोन लावला. त्याने नेटचा डबा बंद करून थोड्या वेळाने सुरू करा म्हटलं. केला. लाइन एकदम ओके दाखवतेय मॅडम, प्रॉब्लेम तुमच्या मशीनमध्ये आहे, असं म्हणून तो मोकळा झाला. खरं तर त्या सगळ्या दिवसात खरं बोललेला तो एकटाच माणूस, पण मशीनमध्ये म्हणजे कुठे हे सांगण्याइतका वेळ त्याला नव्हता. लाल फुलीच्या खाली अगदी बारीक अक्षरांत "तरीही पुढे जा" अशा अर्थाचं काहीतरी होतं. बारीक अक्षरं ताईच्या नजरेतून सुटत नसत. ती दाबणार तोच दादा मागे येऊन उभे राहिले. धोक्याचं आहे असं तोच सांगतोय, उगाच व्हायरस शिरला तर शाळेचं काम लटकेल, असं म्हणाले. ताईने हात मागे घेतला.

दुपारी तिने सुई खाली ठेवली आणि म्हणाली, "दादा, मी कॅफेत जाऊन बघून येते."

"अहो, मी आत्ता तिकडूनच आलो," दादा म्हणाले. "तिथेही बसलीय साइट. पोरं रांगा लावून बसलीत नुसती. इथे निदान खुर्ची तरी आहे."

ताई पुन्हा खुर्चीत बसली. याच जागी कोणी म्हणेल, उठून जायचं होतं, चार पावलांवर तर कॅफे. म्हणणाऱ्याचं काय जातं? ज्या माणसाच्या शब्दावर इतकी वर्षं काढली त्याचा शब्द खरा की खोटा हे तपासायला चार पावलंही जड जातात. ती बसली, पाट्या सोलत राहिली, मधूनमधून पान ताजं करत राहिली. कार्यालय सुटायच्या वेळेला अर्ज बंद होणार होते. ती वेळ आली आणि गेली. "मुख्याध्यापक" मधल्या अक्षरांची पोटं काढताना तिच्या हातून आयुष्यात पहिल्यांदा रेघ फाटली. दादांनी स्वतः जाऊन चहा आणला. "जाऊ द्या ताई, नशिबात नसतं एखादं," असं म्हणाले, आणि फाटलेल्या पाटीबद्दल अवाक्षर काढलं नाही. केवढ्या मोठ्या मनाचा माणूस, असं तिला तेव्हा वाटलं. हे लिहितानाही संताप येतो, पण वाटलं ते वाटलं.

पुढे काही दिवसांनी कॉम्प्युटरचा पडदा लपलप करायला लागला म्हणून फुंकरला बोलावलं. फुंकर म्हणजे गल्लीतला कॉम्प्युटर दुरुस्त करणारा. कुठलंही मशीन समोर आलं की आधी तो त्याच्या पोटात फुंकर मारायचा, बाकीचं नंतर. दादा त्या वेळी जेवायला घरी गेले होते. फुंकरने वायर बदलली, पडदा ठीक झाला. ताईने सहज विषय काढला, की त्या दिवशी सगळीकडच्या साइटी एकदम बसल्या होत्या ना.

कुठे बसल्या होत्या, असं फुंकरने विचारलं. त्याच्या बहिणीने त्याच दिवशी, त्याच जागेसाठी, कॅफेतूनच अर्ज भरला होता. ताईने ब्राउझर उघडून दाखवला. लाल फुली अजून तशीच होती. फुंकरने पडद्याकडे नीट पाहिलंही नाही, खाली कोपऱ्यात बोट ठेवलं. त्या बोटाखाली बुधवार होता.

मग त्याने समजावून सांगितलं. कुलपाची साइट असते ती आत घेण्याआधी आपलं ओळखपत्र दाखवते. कधीपासून कधीपर्यंत चालेल ते त्यावर लिहिलेलं असतं. आपला कॉम्प्युटर ते आपल्या तारखेशी ताडून बघतो. इथे तारीख इतकी जुनी, की त्याच्या हिशोबाने समोरच्याचं ओळखपत्र अजून बनायचं आहे. त्याला वाटतं, हा कोणीतरी भामटा. म्हणून तो दार लावून घेतो. बिनकुलपाच्या साइटी ओळखपत्र दाखवतच नाहीत, म्हणून त्या उघडतात. तारीख खरी करायची, अर्ज भरायचा आणि परत मागे न्यायची. चहा पिण्याइतक्या वेळाचं काम.

ताईने कोपऱ्यातली तारीख पुन्हा वाचली. रोज सकाळी स्वतःच्या बोटांनी ती ते दार लावत आली होती. त्या सकाळीही तिनेच लावलं होतं, आणि मधे खात्रीही करून घेतली होती. हे पचवायलाच वेळ लागला असता, पण फुंकर पसारा गोळा करता करता बोलून गेला, "दादांनी सांगितलं नाही तुम्हाला? नेट आलं त्याच आठवड्यात त्यांची बँकेची साइट इथे उघडत नव्हती. तेव्हा मीच त्यांना दाखवलं होतं हे सगळं."

फुंकर गेला. ताईने पुढ्यातली पाटी सोलून पुरी केली. मग हात धुतले आणि दादा येईपर्यंत स्टुलावर बसून राहिली. केसाने गळा कापणं म्हणतात ते नुसतं ऐकलेलं असतं. मानेवरून केस फिरतो तेव्हा खरंच काही कळत नाही, उलट कोणीतरी मायेने हात फिरवतोय असं वाटतं.

दादा आले. तिने आवाज चढवला नाही. फुंकर काय म्हणाला ते सांगितलं. दादांनी आधी आठवत नसल्याचं केलं, मग आठवल्याचं केलं, मग म्हणाले की तारीख पुढे नेली असती आणि प्रोग्राम कायमचा बसला असता तर? शाळेचं काम अर्धवट होतं. दुकानाचा विचार त्यांना करावाच लागतो.

"बसत नाही," ताई म्हणाली. "तारीख पुढेमागे कितीही नेली तरी त्याला काही होत नाही. मीच शोधलंय ते, दादा. तुम्हाला माहीत आहे."

दादांनी पावतीपुस्तक उघडलं आणि मिटलं.

"बरं, इथे नको तर नको. कॅफेत बसलीय साइट असं कशाला सांगितलंत? तिथे तर चालू होती."

दादा बराच वेळ काउंटरवरची धूळ बोटाने एका बाजूला करत राहिले. मग खाली बघूनच म्हणाले, "खरं सांगितलं असतं तर तुम्ही गेला असता ताई."

"जाऊ नका, असं म्हणायचं होतंत," ताई म्हणाली. "एकदा म्हणून तर बघायचं होतंत. कदाचित थांबलेही असते."

तिचं तिलाही ठाऊक नव्हतं ते खरं होतं की नाही. पण आता ते कधीच कळणार नव्हतं, आणि याचंच तिला सगळ्यात जास्त दुःख झालं. गेलेली नोकरी एक वेळ बाजूला ठेवा. थांबायचं की जायचं, हे ठरवायची आयुष्यात एकच संधी आली होती आणि तीही त्या माणसाने तिच्या हातात पडू दिली नाही. ज्याचं करावं भलं, तो म्हणतो माझंच खरं.

त्या दिवसापासून ताईने त्यांना दादा म्हणणं सोडलं. दुसरं काही म्हणायलाही सुरुवात केली नाही. मालक म्हणावं तर जीभ वळेना, आणि नुसतं "अहो" म्हणून हाक मारायला ती काय त्यांची बायको होती? ती सरळ बोलायला सुरुवात करायची, किंवा ते बघेपर्यंत थांबायची. दुकान मात्र तिने सोडलं नाही. या वयात, एका सुईच्या जोरावर, जाणार कुठे? तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो असाच असतो, आणि बघणाऱ्याला तो दिसत नाही. तारीखही ती रोज मागे नेत राहिली, कारण नाही नेली तर तिचंच काम अडायचं.

घरी वेगळीच तऱ्हा झाली होती. अर्ज भरताच आला नाही हे सांगेपर्यंत भाचीचं टेबल बोळात येऊन पडलं होतं. वहिनीने ते हलवायची तयारी दाखवली, पण भाचीच्या परीक्षा तोंडावर होत्या. ताईच म्हणाली, राहू दे. मग तिचं अंथरूण रोज रात्री टेबलाखाली अर्धं आणि बाहेर अर्धं पडायला लागलं. झोपेत कूस बदलली की कपाळ टेबलाच्या पायाला लागायचं.

कपाळावरचं टेंगूळ पाहून दादांनीच माळ्याचा विषय काढला. दुकानाच्या वर माल ठेवायची एक खोली होती, तिथे रेडियमच्या जुन्या गुंडाळ्या आणि मोडक्या पाट्या पडून होत्या. ती रिकामी करून देतो, भाडं नको, जिन्याच्या पायथ्याशी मागच्या गल्लीत उघडणारं वेगळं दार आहे, असं ते म्हणाले. मनात अपराधीपणा होता की सोय होती, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. दोन्हीही असेल. ताईने दोन दिवस उत्तर दिलं नाही. तिसऱ्या दिवशी आपली पेटी घेऊन आली.

बाजारात दादांचं नाव झालं. शेजारचा झेरॉक्सवाला प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगायचा, की मानलेल्या बहिणीसाठी आजकाल कोण एवढं करतं? ताई पुढ्यातल्या अक्षरातून डोकं वर न काढता ऐकायची. वरच्या खोलीला खिडकी होती, भिंती होत्या आणि दार होतं. मालाची खोली म्हणून दाराला कडी बाहेरून होती. आतून बसवून घ्यायला सुताराला सांगितलंय, असं दादा म्हणाले होते, आणि सुतार दर आठवड्याला पुढच्या आठवड्यात येणार होता.

एका संध्याकाळी ताईचं डोकं दुखत होतं. ती काम आटोपून जरा लवकर वर गेली आणि दार ओढून घेऊन पडली. खाली दादांनी हिशोब मिटवला, दिवे मालवले. मग ते जिना चढून वर आले. दुकान बंद करण्याआधी वर येऊन मालाच्या खोलीला कडी घालायची, ही त्यांची ताईच्याही आधीपासूनची सवय. एरवी शटर पडेपर्यंत ताई खालीच असायची आणि मग वर जाऊन ती कडी काढून आत शिरायची. हात आपसूक गेला असेल. ताईने पडल्या जागेवरून कडी सरकल्याचा आवाज ऐकला आणि ती उठून बसली. पावलं जिना उतरायला लागली होती.

ती दाराशी गेली आणि तिने दारावर थापा मारल्या. खाली शटर ओढायला सुरुवात झाली होती, त्या खडखडाटात थापा बुडून गेल्या. फोन काउंटरवर राहिला होता. शटर एकदा खाली टेकलं की सकाळपर्यंत कोणी येणार नव्हतं. हाक मारायला हवी होती आणि हाक मारायला तिच्याकडे त्या माणसाचं काहीच नाव उरलं नव्हतं. तिने तोंड उघडलं, मिटलं. शटर अर्ध्यावर आल्याचं तिला आवाजावरून कळलं.

"दादा," ती ओरडली. "दादा, मी आत आहे."